खांब कोणी पाहिला?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नागपूरचे एक लग्न आटोपून आम्ही अमरावतीला परतत होतो. नांदगाव पेठ जवळ आले तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. दूरवर वीज प्रकल्पाच्या चिमण्यांवरचे तांबडे दिवे दिसू लागले. तिथे पाच संच आहेत आणि त्यांची एकूण क्षमता १,३५० मेगावॅट आहे. कंपनीचे नाव बदलले तरी अमरावतीकर अजून या प्रकल्पाला त्याच्या पहिल्या नावाने, 'सोफिया' म्हणूनच ओळखतात. रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्यापलीकडे शेतात बॅटरीचा एकच उजेड इकडून तिकडे हलत होता. कोणीतरी हरभऱ्याला ओलित करायला आला होता. मी काही विचारायच्या आतच आमच्या ड्रायव्हरने खुलासा केला, "या हप्त्यात रातची लाइन हाय, सायेब."

बायको म्हणाली, "इतकी मोठी चिमणी डोळ्यांसमोर, आणि याला पाणी द्यायला रात्री उठावं लागतं?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मात्र घरी पोहोचेपर्यंत मला देता आले नाही. मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. उरलेली कथा-कादंबऱ्या लिहिण्यात गेली. पहिल्या व्यवसायात हिशेब शिकलो, दुसऱ्यात माणसे. विजेचा तुटवडा आणि त्यासाठी येणारा परदेशी पैसा हा विषय समजून घ्यायला या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

गोठ्यातली मोटर

१९८० च्या दशकाच्या मध्यावर मी वऱ्हाडातल्या एका ग्रामीण शाखेत शेतकी अधिकारी म्हणून रुजू झालो. वय लहान, उत्साह दांडगा. विहीर आणि इलेक्ट्रिक मोटर यांच्या कर्जप्रकरणांचा माझ्या टेबलावर ढीग असे. एका शेतकऱ्याचे प्रकरण मला आजही आठवते. सात-बारा चोख होता, विहिरीला पाणी भरपूर होते, इतर संस्थांचे बेबाकीचे दाखले होते, दोन जामीनदार सह्या करायला तयार होते. मी पाच हॉर्स पॉवरच्या मोटरचे कर्ज मंजूर केले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मोटर आली आणि गोठ्यात पोत्याखाली जाऊन बसली. कारण त्या शिवारापर्यंत विजेचा खांबच आला नव्हता. वीजजोडणी मिळायला अडीच-तीन वर्षे गेली. तोवर व्याज वाढत राहिले. जोडणी मिळाल्यावर तो गृहस्थ शाखेत आला, समोरच्या बाकावर बसला आणि अजिबात न चिडता म्हणाला, "सायेब, तुमचं कर्ज भेटलं दिवसा, अन् लाइन भेटते रातच्याले. आता हप्ता कोन्या टायमाले भरू, थे सांगा."

सगळी शाखा हसली. मीही हसलो, पण त्या रात्री झोप आली नाही. चूक माझी होती. मी सगळे कागद पाहिले होते, खांब पाहिला नव्हता. आणि का पाहिला नव्हता? दोन जामीनदार होते म्हणून! पैसे बुडणार नाहीत अशी खात्री झाली की मोटर चालेल की नाही हा प्रश्न आपण विचारेनासे होतो. हा धडा त्या दिवशी मला पाच हॉर्स पॉवरच्या मोटरने दिला. पुढे हजारो मेगावॅटच्या प्रकल्पांच्या बातम्या वाचताना तोच धडा पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

आता त्या मोटरच्या कर्जाचा पैसा मुळात कुठून येत होता ते पाहा. अशा कर्जांना वरून पुनर्वित्त मिळे. आधी ते कृषी पुनर्वित्त व विकास महामंडळ देत असे, १९८२ पासून नाबार्ड देऊ लागली. त्या महामंडळाला १९७५ पासून जागतिक बँकेच्या 'आयडीए' या सवलतीच्या शाखेकडून पैसा मिळत होता. म्हणजे अकोल्याच्या किंवा मोर्शीच्या शेतातल्या मोटरचा एक धागा वॉशिंग्टनपर्यंत जात होता. 'आयडीए'च्या त्या काळच्या अटी अशा : मुदत पन्नास वर्षे, पहिली दहा वर्षे मुद्दल फेडायचे नाही आणि व्याजाऐवजी पाऊण टक्का सेवाशुल्क. दिल्ली, मुंबई, जिल्ह्याचे ठिकाण अशा पायऱ्या उतरत तो पैसा शेतकऱ्याच्या हाती येई तेव्हा त्याच्यावर रीतसर बँकेचे व्याज चढलेले असे.

आपण वर्तमानपत्रात 'परदेशी मदत' असा शब्द वाचतो. भूकंपानंतर येणारी ब्लँकेटे आणि औषधे ही मदत असते. विजेसाठी येतो तो पैसा बहुतेक वेळा कर्ज असतो. कधी स्वस्त, कधी महाग, पण कर्ज. आणि कर्ज म्हटले की पहिला प्रश्न व्याजाच्या दराचा नसतो. ज्या कामासाठी पैसा घेतला ते काम फसले तर तोटा कोणाच्या पदरी पडणार, हा पहिला प्रश्न.

नाही म्हणणारा सावकार

महाराष्ट्राच्या विजेत परदेशी पैसा काही नवा नाही. तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्बेचे टाटांचे औष्णिक केंद्र उभे राहत होते तेव्हा, १९५४ मध्ये, जागतिक बँकेने त्यासाठी सुमारे १ कोटी ६२ लाख डॉलरचे कर्ज दिले. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पालाही पुढे या बँकेचा पैसा मिळाला. हे कर्ज देणारे लोक फार चिकित्सक होते. दर काय ठेवणार, गळती किती, वसुली किती, असे नाना प्रश्न ते विचारत आणि आपले अधिकारी वैतागत. परंतु त्या पैशातून उभे राहिलेले काम टिकले. कोयनेने महाराष्ट्राच्या उद्योगांना किती वर्षे हात दिला हे वेगळे सांगायला नको.

मग १९९१ साल उजाडले. परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली, सोने गहाण पडले, जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले. सरकारजवळ वीज केंद्रे उभारायला पैसा नव्हता आणि तुटवडा तर वाढत होता. तेव्हा परदेशी कंपन्यांना बोलावण्याचे धोरण ठरले. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीशी पहिला समझोता झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीजवळ द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारे प्रचंड केंद्र उभे राहायचे होते.

या प्रकरणातले राजकारण वाचकांना पाठ आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, थोड्याच महिन्यांत नव्या वाटाघाटी होऊन तो पुन्हा जिवंत झाला. त्यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले, पुस्तके निघाली. मला मात्र यातली एक गोष्ट नेहमी अधिक बोलकी वाटत आली आहे, आणि तिची चर्चा फार कमी झाली. केंद्र सरकारने १९९३ मध्ये या प्रकल्पासाठी जागतिक बँकेकडे कर्जाची विचारणा केली होती. जागतिक बँकेने नकार दिला. आयात वायूवरची ही वीज महाग पडेल, ती घेण्यासाठी मंडळाला कोळशावरची स्वस्त वीज कमी करावी लागेल आणि हा भार मंडळाला झेपणार नाही, असे तिचे म्हणणे होते.

ज्या जागतिक बँकेच्या नावाने आपण तेव्हा खडे फोडत होतो, तिने इथे खांब पाहिला होता. आणि खांब दिसला नाही म्हणून तिने मंजुरीपत्रावर सही केली नाही.

तरी पैसा उभा राहिलाच. अमेरिकेच्या सरकारी निर्यात-कर्ज व गुंतवणूक संस्था पुढे आल्या, परदेशी बँका आल्या आणि आपल्याच आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय या संस्थाही आल्या. त्यांना धीर कशाने आला? जामीनदारांनी! राज्य सरकारने हमी दिली, तिच्यावर केंद्र सरकारने १९९४ मध्ये प्रतिहमी दिली. माझ्या त्या शाखेतले दोन जामीनदारच हे, फक्त कागद अधिक गुळगुळीत.

करारातली मेख समजायला सोपी आहे. अमरावतीत शिकायला असताना आम्ही खाणावळीत जेवत असू. मालकाचा नियम असा की महिन्याचे पैसे पूर्ण द्यायचे. तुम्ही जेवा, नाही तर गावी जा. वीजखरेदीच्या करारातला 'स्थिर आकार' म्हणजे हीच खाणावळ. केंद्र चालायला तयार असले की त्याचे पैसे द्यायचे, वीज उचला किंवा न उचला. यात तत्त्वतः वावगे काही नाही; मालकाने चूल पेटवून ठेवलेली असते. पण विद्यार्थ्याने आपल्या खिशात किती पैसे येतात ते पाहून खाणावळ लावायची असते. इथे खाणावळीचा दर डॉलरशी बांधलेला, आणि विद्यार्थ्याची मिळकत रुपयांत, तीही गळती, चोरी आणि थकबाकी वजा जाऊन. अवमूल्यनानंतर जुलै १९९१ मध्ये सव्वीस रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ मध्ये सत्तेचाळीसच्या घरात गेला होता.

दाभोळचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. २००० साली काही महिन्यांत मंडळाला तिथली वीज युनिटला सात रुपयांहून महाग पडली. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने थकीत बिलांसाठी हमी आणि प्रतिहमी दोन्ही वटवायला काढल्या. मेअखेर केंद्र बंद पडले आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत खुद्द एन्रॉनने दिवाळे काढले. २००५ मध्ये 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही सार्वजनिक क्षेत्राची कंपनी उभी करून तो सांगाडा ताब्यात घ्यावा लागला. परदेशी भागीदारांचे दावे तडजोडीने मिटवले गेले. तडजोडीचा पैसा शेवटी कोणाचा असतो हे बँकेत काम केलेल्या माणसाला विचारायची गरज नाही.

तार डोक्यावरून गेली

कोकणातल्या या कहाणीशी आम्हा वऱ्हाडवाल्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. मंडळाचा पैसा आणि सरकारचे लक्ष दहा वर्षे एकाच प्रकल्पाभोवती फिरत राहिले की खेड्यातली रोहित्रे आणि तारा मागे पडतात. आमच्याकडे तर त्या आधीच मागे होत्या. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. त्यात विदर्भाच्या अनुशेषाच्या हिशेबात कृषिपंपांची जोडणी हे एक स्वतंत्र कलम होते. गोठ्यातली मोटर माझ्या एकट्याच्या शाखेत नव्हती.

गंमत अशी की याच विदर्भात कोळसा आहे आणि म्हणून वीज केंद्रेही आहेत. अकोल्याजवळचे पारस १९६१ पासूनचे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही नावे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. १९९० च्या दशकात चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी टाकली गेली. मंडळाला मिळालेल्या जागतिक बँकेच्या कर्जातून चंद्रपूरच्या सातव्या संचाबरोबर या वाहिनीलाही पैसा मिळाला होता.

अभियंत्यांच्या दृष्टीने ही योजना उत्तम होती. कोळसा रेल्वेने वाहून नेण्यापेक्षा वीज तारेने नेणे सोपे, आणि मोठे गिऱ्हाईक मुंबई-पुण्याकडे. आपल्या जिल्ह्यात तयार झालेली वीज आपल्याच जिल्ह्याने वापरावी असा विजेचा धर्म नाही, हेही खरे. परंतु खाली शेतात बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वरून जाणारी ती तार दिसते. तारेवर किती दाबाचा प्रवाह आहे हे त्याला कळत नसेल. तिच्यातून त्याच्या वाट्याला काही उतरत नाही, एवढे मात्र कळते.

२००५ ते २०१२ ही भारनियमनाची वर्षे ज्यांनी खेड्यात काढली ते ती विसरणार नाहीत. वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले, त्याच सुमारास राज्यातला तुटवडा वाढत गेला आणि ऐन भरात तो चार हजार मेगावॅटच्या वर पोहोचला. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे. मुले कंदिलाभोवती अभ्यास करत, पिठाच्या गिरणीवर रात्री रांग लागे. संध्याकाळी गावात तरी उजेड राहावा म्हणून 'अक्षय प्रकाश' योजना निघाली. गावकऱ्यांनी तारेवरचे आकडे काढायचे, ठरल्या वेळी मोटरी लावायच्या नाहीत आणि त्या बदल्यात घरातले दिवे चालू राहायचे. भारनियमनाचे तास ठरत ते गळती आणि वसुलीवरून. जिथे थकबाकी जास्त तिथे अंधार जास्त. बँकेच्या पद्धतीने पाहिले तर हा न्याय बिनचूक. पण माझ्या तीस वर्षांत मी एवढे पाहिले की कोरडवाहू शेतीच्या गावात थकबाकी असते याचे पहिले कारण बेइमानी नसते. पाणी नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून बिल भरले नाही, बिल नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून पाणी नाही. हा रहाट एकदा फिरू लागला की थांबत नाही.

नांदगाव पेठेचा हिशेब

याच टंचाईच्या दिवसांत नांदगाव पेठेचा प्रकल्प आला. तो तेव्हाच्या इंडियाबुल्स समूहाचा, पुढे 'रतनइंडिया'चा. २०१० मध्ये महावितरणशी १,२०० मेगावॅटचा पंचवीस वर्षांचा वीजविक्री करार झाला. पाणी अप्पर वर्ध्याचे. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळचे हे धरण अमरावती शहराची तहान भागवते आणि शेतीला पाणी देते. त्यातून प्रकल्पासाठी वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झाले. सिंचनाचा अनुशेष असलेल्या जिल्ह्यात शेतीचे पाणी विजेला द्यायचे का, यावर मोठे आंदोलन उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. २०११ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमनाचा कायदा बदलून आधी झालेल्या अशा पाणीवाटपांना संरक्षण दिले. टंचाईच्या काळात सरकारला प्रत्येक मेगावॅट सोन्यासारखा वाटतो. पाण्याचा प्रश्न विचारणारा मग विकासाचा वैरी ठरतो.

पाण्याची बाजू पुष्कळांनी मांडली आहे. मी पैशाची मांडतो. या प्रकल्पाचा मोठा पैसा देशातल्याच कर्जदात्यांचा होता. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, स्टेट बँक यांच्यासह एकूण बारा संस्था. इथे सरकारी हमी नव्हती, पण पंचवीस वर्षांचा करार होता आणि बँकांनी त्यालाच जामीन मानले. पहिला संच २०१३ मध्ये चालू झाला, पाचवा २०१५ पर्यंत. तोवर चित्र पालटले होते. देशभर एकाच वेळी इतकी केंद्रे उभी राहिली की वीज घ्यायला वितरण कंपन्या तयार नव्हत्या. कोळसा वेळेवर मिळत नव्हता. संच तयार, पण बंद. आणि कर्जाचे व्याज मात्र रोज चालू. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीतल्या ३४ औष्णिक प्रकल्पांची यादी दिली. त्यांची क्षमता सुमारे चाळीस हजार मेगावॅट होती आणि तिच्यात नांदगाव पेठेचा प्रकल्प होता.

शेवट असा झाला. २०२० च्या सुरुवातीला ६,५७४ कोटी रुपयांच्या येण्यापोटी कर्जदात्यांनी ४,०५० कोटी रुपये एकरकमी घेऊन खाते मिटवले. हे ४,०५० कोटी कोणी पुरवले? गोल्डमन सॅक्स आणि वार्दे पार्टनर्स या परदेशी वित्तसंस्थांनी, एका भारतीय मालमत्ता पुनर्रचना कंपनीमार्फत. नांदगाव पेठेला परदेशी पैसा आला तो असा, सगळ्यांत शेवटी. चिमण्या उभ्या राहिल्यावर, जोखीम उतरल्यावर आणि किंमत पडल्यावर.

यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. आडत्याच्या दारात पडून राहिलेली कपाशी कोणी स्वस्तात घेतली तर घेणाऱ्याचा दोष नसतो. पुढे विजेची मागणी वाढली, संचही जोमाने चालू लागले. प्रश्न उरतो तो मधल्या अडीच हजार कोटींच्या फरकाचा. तो सोसला प्रामुख्याने सरकारी बँका आणि सरकारी वित्तसंस्थांनी, म्हणजे तुमच्या-माझ्या ठेवींनी आणि करांनी. ज्या शेतकऱ्याचे पन्नास हजार थकले की आम्ही जीप घेऊन त्याच्या दारात उभे राहत होतो, त्याच्या शेतापासून ही चिमणी दिसते.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. शेजारच्या पाकिस्तानने १९९४ मध्ये टंचाईच्या घाईत असेच खासगी वीजधोरण आणले. हब येथील मोठ्या केंद्रामागे जागतिक बँकेचे पाठबळ होते. टंचाई पुष्कळशी मिटली. पण न वापरलेल्या क्षमतेचे पैसे देता देता तिथले वीजखाते कर्जाच्या साखळीत अडकले, आणि नाणेनिधीकडे गेले की तो अट घालतो : विजेचे दर वाढवा. अंधार घालवण्यासाठी घेतलेले कर्ज फेडण्यासाठी दिवा महाग करावा लागतो. गरीब घराला तो विझवावाच लागतो.

आता टंचाई कशाची?

मग परदेशी पैसा घेऊच नये का? असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. पैसा परका असला म्हणून वाईट ठरत नाही आणि आपला असला म्हणून शहाणाही होत नाही. दाभोळला आपल्या बँकांनी पैसा दिला, परक्या बँकेने नकार दिला. नांदगाव पेठेत तर जोखीम आपल्याच बँकांनी घेतली होती. दोन्हीकडे घात झाला तो जामिनावर विसंबून पाहणी न केल्यामुळे.

आज महाराष्ट्रात पूर्वीसारखे सरसकट भारनियमन नाही. शेतकऱ्याची टंचाई आता मेगावॅटची कमी आणि वेळेची जास्त आहे. शेतीची वीज आठ-दहा तास मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे थंडी, साप, रानडुकरे, आणि मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत वाघ-बिबट्याची धास्ती. वीज मिळते, पण जीव मुठीत धरून. घरी त्याची बायको मोटारसायकलचा आवाज येईपर्यंत जागी असते. कुठल्याही आकडेवारीत ही जाग मोजलेली नाही.

या टंचाईवर आता जे उपाय चालू आहेत त्यांतही परदेशी कर्ज आहेच. २०२० मध्ये आशियाई विकास बँकेने राज्याच्या ग्रामीण उच्चदाब वितरण प्रणालीसाठी ३४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. कल्पना साधी : एका मोठ्या डीपीवर वीस-पंचवीस मोटरी लादण्यापेक्षा एक-दोन शेतकऱ्यांमागे एक लहान डीपी. दाब टिकतो, डीपी जळत नाही, आकडे टाकता येत नाहीत. मला हे कर्ज आवडले ते याचसाठी, की ते थेट खांबापाशी जाते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरला जवळच्या सौर प्रकल्पातून दिवसा वीज द्यायची आहे. २०२३ पासून तिचा दुसरा, मोठा टप्पा सुरू झाला. शिवाय 'मागेल त्याला सौर कृषिपंप' आहे. या सौर योजनांसाठीही परदेशी विकास बँकांचा पैसा घेतला जात आहे. आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्स पॉवरपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज आहे. मोफत विजेचे बिल सरकारने महावितरणला वेळेवर चुकते केले नाही, तर खाणावळीचा हिशेब पुन्हा तिथेच येऊन ठेपेल.

म्हणून अशी बातमी आली की मी किती कोटी डॉलर मिळाले ते सावकाश वाचतो. आधी तीन गोष्टी शोधतो. एक, खांब : हा पैसा खर्च झाल्यावर वीज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणार का, आणि कोणत्या वेळी? दोन, गिऱ्हाईक : ती घेणाऱ्याला तिचा दर परवडणार का, नसेल तर फरक कोण आणि किती वर्षे देणार? तीन, जामीन : हिशेब चुकला तर तोटा कोणाचा? देणाऱ्याच्या पदराला थोडी तरी झळ लागणार असेल तर तो पाहणी नीट करतो. सगळा तोटा तिसऱ्याच्याच माथी जाणार असेल तर त्याला खांब पाहायची गरज काय?

हे प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. घर बांधताना, मुलीच्या शिक्षणाचे कर्ज काढताना आपण जेवणाच्या ताटावर हेच प्रश्न एकमेकांना विचारतो. सरकारने आपल्या नावावर कर्ज काढताना मात्र आपण आकड्याने दिपून जातो.

मागच्या महिन्यात त्या गोठ्यातल्या मोटरवाल्यांच्या घरी जाणे झाले. ते गेले, त्याला बरीच वर्षे झाली. नातवाने आता सौर पंप बसवला आहे. भर दुपारी गव्हात पाणी खळाळत होते आणि पोरगा बांधावर चपला काढून सावलीत बसला होता. दिवसा ओलित करणारी त्या घरातली ही पहिलीच पिढी. मला फार बरे वाटले. चहा झाल्यावर तो म्हणाला, "काका, पाच वर्सं कंपनीची गॅरंटी हाय. त्याच्यानंतर बिघडलं तं कोनाकडे जायचं, थे तुमच्या बँकेत कोनाले मालूम असन काय?"

आजोबांसारखाच शांतपणे विचारलेला प्रश्न. त्याने खांब पाहिला होता. मी त्याला म्हटले, चौकशी करून सांगतो. अजून करतो आहे.